पूर ओसरलाय, मग यंदा तंबू कुठे टाकायचा?

या वेळचं पत्र एका वाचक ताईंचं आहे. थोडं आटोपशीर करून देते :

«आम्ही चार कुटुंबं दरवर्षी पुराचा हंगाम संपला की नदीकाठी दोन रात्री तंबू टाकून राहतो. आठ मोठी माणसं, सहा मुलं. धाकटा सात वर्षांचा, थोरली चौदाची. जागा ठरलेली आहे, नदीच्या वळणावरचा वाळूचा पट्टा. यंदा पूर फार मोठा आला होता. तो ओसरून तीन आठवडे झाले. माझे धाकटे दीर परवा पलीकडच्या रस्त्यावरून जागा पाहून आले आणि त्यांनी फोटो पाठवला. पट्टा पूर्वीच्या दुप्पट झालाय, सपाट, स्वच्छ. सगळे खूश आहेत, पुढचा शनिवार ठरलाय. मला मात्र तो फोटो पाहिल्यापासून बरं वाटत नाही आणि का ते सांगताही येत नाही. काही बोलले की ‘वहिनी उगाच घाबरतात’ असं होतं. जावं की नाही? गेलोच तर तंबू कुठे टाकायचा, पाणी कुठलं प्यायचं, मुलांना नदीत उतरू द्यायचं का?»

ताई, तुमचं मन तुम्हाला बरोबर सांगतंय. सहल रद्द करा असं मी म्हणणार नाही. नदीकाठची रात्र मुलांच्या वाट्याला यायलाच हवी आणि तुम्ही चार घरं मिळून ती दरवर्षी देता, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण यंदा त्या वाळूवर नको, आणि पुढच्या शनिवारी तर नकोच.

आधी त्या फोटोबद्दल बोलू, कारण तुम्हाला जे खटकलं त्याला नीट कारण आहे. नदी वळते तिथे बाहेरच्या बाजूला पाण्याला वेग असतो, ते काठ खातं. आतल्या बाजूला वेग कमी पडतो, तिथे वाहून आणलेली वाळू खाली बसते. तुमचा पट्टा असाच तयार झालेला आहे. तो एका पुरात दुप्पट झाला म्हणजे तेवढी वाळू-माती नदीने दुसरीकडून कापून आणली आहे. कुठून कापली? कदाचित समोरच्या काठाची. कदाचित वरच्या अंगाच्या त्या काठाची, जिथे तुम्ही गाड्या लावता आणि सामान घेऊन खाली उतरता. पलीकडच्या रस्त्यावरून काढलेल्या फोटोत नदीने काय दिलं ते दिसतं, काय नेलं ते दिसत नाही.

दुसरं म्हणजे ती वाळू अजून बसलेली नसते. पुरात एक थर वाळूचा, एक थर बारीक गाळाचा असं साचत जातं. वरचा थर उन्हाने दोन-चार दिवसांत वाळतो, पांढरट दिसतो, त्याला पापुद्रे सुटतात. खाली वीतभरावर मात्र गाळ ओलाकच्च असतो. मोठा माणूस चालला तर घोट्यापर्यंत रुतेल आणि पाय काढून घेईल. सात वर्षांचं मूल पळत गेलं तर गुडघ्यापर्यंत जाऊ शकतं आणि मग जितकी धडपड करेल तितकं आत जाईल. पाण्याच्या कडेला तर आणखी काळजी. जुन्या, बसलेल्या वाळूचा उतार पाण्याखालीही हळूहळू खाली जातो. नव्या वाळूची कड पाण्याखाली एकदम तुटलेली असू शकते. एक पाऊल घोटाभर पाण्यात, पुढचं छातीभर.

आणि या सगळ्याच्या वर, ती जागा काठ नाहीच. ते नदीचं पात्र आहे, सध्या कोरडं पडलेलं. पाणी चढलंच तर सगळ्यात आधी तिथे येणार. इतकी वर्षं तिथे काही झालं नाही हे खरं, पण इतकी वर्षं तुमच्या वरच्या अंगाला अशी भिजून चिंब झालेली जमीन नव्हती.

आता काठाबद्दल, कारण लोक वाळू सोडतात आणि लगेच वरच्या कडेवर, नदी छान दिसते तिथे तंबू टाकतात. पुरानंतर ही जागा वाळूइतकीच फसवी असते. पूर चढलेला असताना काठाची माती पाण्याने भरून जड होते, पण बाहेरून नदीचं पाणीही तिला दाबून धरत असतं. पूर उतरला की बाहेरचा आधार जातो आणि आतलं पाणी मात्र मातीतच राहतं. भिंतीला रेलून बसलेल्या माणसामागची भिंत काढून घ्यावी, तशी काठाची गत होते. म्हणून काठ बऱ्याचदा पुरात नाही, पूर उतरल्यावर ढासळतात. कधी दुसऱ्या दिवशी, कधी काही आठवड्यांनी, आणि तेही कडक ऊन पडलेलं असताना.

हे ओळखता येतं. कडेला समांतर गेलेल्या भेगा बघा. बोट जाईल एवढी भेग असली तरी पुरे, तिच्या पलीकडे पाय ठेवायचा नाही. काठावरची झाडं नदीकडे कलली आहेत का, मुळं उघडी पडून लोंबतायत का, गवताची किनार हवेत पुढे आलेली आहे का ते पाहा. ती किनार वरून हिरवी, भक्कम दिसते. खालची माती पाण्याने केव्हाच कोरून नेलेली असते. मी स्वतः अशा काठाच्या उंचीच्या तिप्पट अंतर सोडते. काठ दोन मीटर उंच असेल तर सहा मीटरच्या आत मुलांनी फिरकायचं नाही. तंबू तर त्याहूनही पुष्कळ मागे.

मग तंबू टाकायचा कुठे? पूर स्वतःच ते लिहून गेलेला असतो. झाडांच्या खोडांवर मातकट रंगाचा एक पट्टा दिसेल, त्याच्या वर साल स्वच्छ. फांद्यांत, कुंपणाच्या तारांत गवत, काड्या, प्लास्टिक अडकलेलं दिसेल. त्या सगळ्या खुणा एका पातळीत आहेत ना ते दोन-तीन ठिकाणी ताडून पाहा. ती यंदाच्या पुराची रेषा. तंबू त्या रेषेच्या वर. रेषेवर नाही, जरा खालीही नाही. त्या रेषेच्या वर सपाट जागाच सापडत नसेल तर ते ठिकाण यंदा मुक्कामाचं नाही. दिवसा खाली जाऊन नदी बघायची आणि रात्री दुसरीकडे झोपायचं. तसंही पाण्यापासून ६० मीटरच्या आत तंबू टाकू नये असं जगभरचे जाणते भटके पाळतात. त्यांचं मूळ कारण नदी आणि तिच्या काठावर येणारी जनावरं यांना त्रास होऊ नये हे आहे, पण पुरानंतर ते तुमच्याही फायद्याचं ठरतं.

जागा ठरवताना वर मान करूनही बघायचं. पुरात उभी राहिलेली झाडं मुळापाशी सैल झालेली असतात, ओल्या मातीत मुळांची पकड सुटलेली असते. अशी झाडं वारा नसतानाही आडवी होतात. मोडून वरच अडकून राहिलेल्या फांद्या तर कधी खाली येतील ते सांगता येत नाही. कललेल्या झाडाच्या उंचीच्या दीडपट लांब राहा.

आणि एक जागा अशी आहे जी कुणाच्या लक्षात येत नाही : ओढ्याचं तोंड. मोठ्या नदीपासून लांब, छान पसरट, किंचित उतार असलेली जमीन, कडेने झुळझुळ ओढा. तंबूसाठी याहून देखणी जागा नसते. पण ती पसरट जमीन त्या ओढ्यानेच डोंगरातून दगडमाती आणून घडवलेली असते, आणि पुढच्या वेळीही तो ती तिथेच आणून टाकतो. स्पेनच्या पिरिनीज डोंगरातल्या बिएस्कासजवळ अशाच जागेवर कॅम्पिंगचा तळ होता. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी वर डोंगरात जोरदार पाऊस झाला, एरवी किरकोळ वाटणारा ओहोळ दगडमातीसकट तळावर आला आणि ८७ माणसं गेली. नदीवर नजर ठेवताना मागच्या डोंगराकडे पाठ करू नका.

आता रात्रीचं. ताई, या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण दिवसा पाणी वाढलं तर माणूस उठून वर जातो, रात्री वाढलं तर आधी कळतच नाही.

पुराचा हंगाम संपला की आपल्याला वाटतं धोका संपला. नदीच्या बाजूने पाहिलं तर हंगामाच्या शेवटी तिच्या भोवतीच्या मुलखात आणखी पाणी मुरायला जागाच उरलेली नसते. जमीन भिजून तृप्त झालेली असते, आता पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. वरच्या अंगाला धरण असेल तर तेही भरलेलं असतं. सुरुवातीला दोन दिवस पाऊस पडला तरी ते पाणी धरणाच्या पोटात मावतं. शेवटी तासाभराच्या सरीनेही दरवाजे उघडावे लागू शकतात. बातम्यांत आपण ‘५,००० क्युसेक विसर्ग’ असं ऐकतो आणि सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ५,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ एक लाख चाळीस हजार लिटर पाणी, तुमच्या त्या वळणावरून.

यात पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नाही. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात हैदराबादहून सहलीला आलेले विद्यार्थी दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. वरच्या लारजी प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. ती भरदुपार नव्हती, पण अजून उजेड होता आणि ते सगळे जागे होते. झोपलेल्यांचं काय होतं ते अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात दिसलं. ११ जून २०१० च्या पहाटे लिटल मिझुरी नदीचं पाणी काही तासांत सुमारे २० फूट चढलं. दरी अरुंद, मोबाइलला रेंज नाही, माणसं तंबूत आणि गाड्यांत झोपलेली. २० जण गेले, त्यांत लहान मुलं होती. हवामान खात्याचा इशारा निघालेला होता, पण तो त्या दरीत झोपलेल्यांपर्यंत पोचायला रस्ताच नव्हता.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आणि निघताना सकाळी, तुमच्या मुक्कामाच्या नव्हे तर नदीच्या वरच्या अंगाच्या प्रदेशाचा अंदाज बघायचा. धरण असेल तर विसर्गाची ताजी माहिती घ्यायची, पुढच्या दोन दिवसांत पाणी सोडायचा बेत आहे का ते विचारायचं आणि भोंगा कसा वाजतो, तो तुमच्या जागेपर्यंत ऐकू येतो का, तेही. नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी जिथे जाहीर होते, तिथे आठवडाभराचे आकडे बघा. पातळी उतरते आहे किंवा स्थिर आहे, तर ठीक. वर-खाली होत असेल तर वरून कुणीतरी पाणी सोडत असेल.

पोचल्यावर पहिलं काम : पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा, तिला बोटाच्या रुंदीवर खुणा करा. संध्याकाळी दर तासाला कुणीतरी बघून येईल. हे काम थोरल्या मुलीला द्या, अर्थात मोठ्या माणसाच्या सोबतीने. चौदा वर्षांच्या मुलीला ते आवडेल आणि ती ते मनापासून करेल. रात्री मोठ्यांनी आळीपाळीने जागायचं. आठ जण आहात, प्रत्येकाच्या वाट्याला एकेक तास आला तरी रात्र निघते. टॉर्चचा झोत काठीवर टाकायचा आणि कान उघडे ठेवायचे. पाणी वाढताना आवाज बदलतो. झुळझुळ जाते आणि तळातून घरंगळणाऱ्या दगडांचा जड आवाज येतो. नितळ पाणी गढूळ होणं, पानं-काड्या एकाएकी जास्त वाहून येणं, या खुणा दिसल्या की विचार करत बसायचं नाही. पाणी अचानक कमी झालं तरीही तेच. वर कुठेतरी दरड किंवा ओंडके अडकून बांध तयार झाला असेल, तर तो फुटतो.

अशा वेळी तंबू, भांडी, चपला सगळं सोडून वर जायचं. पायी. अंधारात. ही वाट पोचल्याबरोबर उजेडात सगळ्यांनी एकदा चालून घ्यायची, मुलांसकट, आणि वर एखादं मोठं झाड किंवा खडक ठरवून ठेवायचा, जिथे सगळे जमणार आणि डोकी मोजली जाणार. त्या वाटेत एकही ओहोळ ओलांडावा लागता कामा नये. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती तपासा : मुख्य रस्त्यापासून तुमच्या जागेपर्यंत येताना एखादा नाला, फरशी, छोटा पूल लागतो का? लागत असेल तर नदीच्या आधी तो भरतो आणि तुम्ही अडकता. मग गाडी घालायचा मोह होतो. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते, ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. नाला भरला असेल तर उंचावर बसून राहायचं, सकाळ होऊ द्यायची. या एका गोष्टीवर दिरांशी घासाघीस नको.

मुलांना नदीत उतरू द्यायचं का? यंदा नाही. मला माहीत आहे, हे उत्तर त्यांना सगळ्यात जास्त टोचणार. पण पुरानंतर तळाचा नकाशा बदललेला असतो. मागच्या वर्षी जिथे कंबरभर पाणी होतं तिथे डोह असेल. पाण्याखाली उन्मळलेली झाडं, कुंपणाची काटेरी तार, जाळी, पत्रे अडकलेले असतात. त्यातलं झाड सगळ्यात वाईट. प्रवाहात आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस मात्र अडकतो आणि मागून येणारं पाणी त्याला दाबून धरतं. पट्टीचा पोहणाराही तिथे काही करू शकत नाही. त्यापेक्षा मुलांना दुसरं काम द्या. पुराने काय काय आणून टाकलंय ते लांबून बघू दे, खोडांवरच्या रेषा मोजू दे, वाळलेल्या गाळात कुठल्या पक्ष्याच्या आणि प्राण्याच्या पावलांचे ठसे आहेत ते शोधू दे. पुरानंतरच्या गाळात ठसे जितके स्वच्छ उमटतात तितके एरवी कधीच नाहीत.

प्यायचं पाणी घरून न्या. तुम्ही चौदा जण. माणशी दिवसाला ४ लिटर धरलं तर दोन दिवसांचे ११२ होतात, १५० घ्या. नदीचं पाणी उकळून पिऊ असं कुणी म्हणेल. खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट (२,००० मीटरहून उंचावर असाल तर ३ मिनिटं) उकळलं तर जंतू मरतात हे खरं, पण पुराने शेतातली कीटकनाशकं, गटारातलं सांडपाणी, गाड्यांचं तेल धुऊन आणलेलं असतं. ते उकळून जात नाही. क्लोरीनच्या गोळ्या गढूळ पाण्यात नीट काम करत नाहीत आणि गाळणीचं यंत्र गाळाने तुंबतं. भांडी धुवायलासुद्धा शेवटचा हात घरच्या पाण्याचा फिरवा.

गाळाबद्दल एवढंच : बंद बूट, अनवाणी कुणी नाही. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात, आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. कुणाला जखम असेल तर ती झाकून, किंवा त्याने चिखलात जायचंच नाही. धनुर्वाताची लस सगळ्यांची चालू आहे ना ते जाण्याआधी डॉक्टरांकडे बघून घ्या. आणि परत आल्यावर ३० दिवसांच्या आत कुणाला ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘आम्ही पुरानंतरच्या चिखलात होतो’ हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही, आणि या आजारात उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व आहे.

मी तुम्हाला उंच, कोरड्या जागेवर पाठवते आहे. पुरातून सुटलेले सापही तिथेच गेलेले असतात. त्यामुळे वाहून आलेल्या लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. शेकोटीसाठी तो ढीग खुणावतो, पण साप, विंचू यांचं ते सध्याचं घर आहे. लाकडं बरोबर न्या. तंबूची चेन कायम बंद, बूट आत ठेवायचे आणि सकाळी झटकून घालायचे, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही. जवळचं सर्पदंशाचं औषध असलेलं रुग्णालय कुठे आहे ते निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवा. दंश झालाच तर कापाकापी, घट्ट आवळून बांधणं काही नाही. माणसाला हलू न देता थेट तिथे न्यायचं. डासही भरपूर असतील. पुराची डबकी साचून तीन आठवडे म्हणजे डासांच्या दोन पिढ्या सहज झाल्या, तेव्हा लांब बाह्यांचे कपडे आणि जाळी हवीच.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत. त्या काठावर माणसं राहतात. कुणाच्या घरात पाणी शिरलं असेल, कुणाचं शेत खरवडून गेलं असेल. ते अजून गाळ उपसत असताना आपण शेजारी तंबू टाकून गाणी म्हणायची, हे मला स्वतःला जमणार नाही. आधी जाऊन भेटा. कसं आहे, काय गेलं, विचारा. आम्ही आलो तर चालेल का, हेही सरळ विचारा. त्यांनी ‘यंदा नको’ म्हटलं तर तो शब्द अखेरचा. ‘या’ म्हटलं तर त्यांच्याइतका चांगला सल्लागार तुम्हाला कुठेही मिळणार नाही. पाणी कुठल्या बाजूने आत आलं, कुठला काठ अजून सुटतोय, रात्री कुठे थांबणं बरं, हे नावाड्याला आणि मासे धरणाऱ्याला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्या नकाशात नसतं. आणि गाळाने भरलेल्या शेतातून गाडी घालू नका. वरून पडीक दिसणारं ते कुणाचं तरी पुढचं पीक आहे.

तारखेचं सांगते. कॅलेंडर बाजूला ठेवा आणि जमिनीला विचारा. तंबूच्या जागी टाच दाबून रोवा. खड्ड्यात पाणी डोकावलं तर जमीन अजून तयार नाही. काठावर उभ्यानेच एखादी लांब काठी पाण्यात धरा. गुडघाभर खोलीवर तिचं टोक दिसत नसेल तर पाणी अजून नितळलेलं नाही. काठावर ताज्या भेगा, ताजी पडलेली माती दिसत असेल तर काठ अजून बसलेला नाही. पातळी आठवडाभर स्थिर हवी आणि वरच्या अंगाला पुढचे तीन दिवस पावसाचा अंदाज नको. हे सगळं जुळायला माझ्या अंदाजाने तुम्हाला आणखी तीन-चार आठवडे लागतील.

राहिले तुमचे दीर. त्यांच्याशी ‘मला भीती वाटते’ या वाक्यावर बोलू नका, ते वाक्य घरात कुणी ऐकून घेत नाही हे तुम्हीच लिहिलंय. त्यांनी जाऊन जागा बघितली, फोटो पाठवला, म्हणजे त्यांनाही जबाबदारी घ्यायला आवडतं. तीच पुढे न्या. मी असा निरोप लिहिला असता :

«भाऊजी, फोटो पाहिला. पट्टा वाढलाय म्हणजे नदीने वरचा कुठला तरी काठ खाल्लाय, तो आपल्या उतरायच्या वाटेचा तर नाही ना ते बघायला हवं. रविवारी सकाळी तुम्ही, मी आणि दादा असे तिघं जाऊन येऊ. मुलांना नको. झाडांवर पुराची रेषा कुठे आहे ते बघू, तिच्या वर सपाट जागा शोधू आणि काठावरच्या लोकांना विचारू. तारीख त्यानंतर ठरवू. यादी मी करते, रात्रीच्या जागण्याच्या पाळ्या तुम्ही लावा.»

जाऊन आलात की बहुतेक वाद तिथेच मिटेल. आपण दरवर्षी ज्या काठावरून उतरतो त्यातला हातभर रुंद तुकडा सुटून खाली पडलेला समोर दिसला, की कुणाला समजावावं लागत नाही. तरीही कुणी वाळूवरच राहायचं म्हणालं, तर सहाही मुलं वरच्या तंबूत झोपतील एवढं आधीच ठरवून घ्या, बाकीच्या आयांशी बोलून. तिघी-चौघींनी मिळून सांगितलेलं ‘नाही’ मोडणं सोपं नसतं.